नवं-जुनं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यात कुठल्याही विकास सोसायटीच्या ओट्यावर जाऊन बसावं. तिथं माणसं एकमेकांना पीकपाणी विचारत नाहीत, "झालं का नवं-जुनं?" असं विचारतात. गेल्या हंगामात उचललेलं पीककर्ज ३१ तारखेच्या आत भरायचं आणि चार-आठ दिवसांनी तेच पुन्हा नव्यानं उचलायचं, याला नवं-जुनं म्हणतात. मुदतीत भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं कर्ज केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे शून्य टक्क्यानं पडतं, म्हणून तारीख चुकवून चालत नाही. माळेगाव किंवा सोमेश्वर कारखान्याला ज्याचा ऊस जातो त्याची सोसायटी उसाच्या बिलातून कापली जाते. ज्याला पाटाचं पाणी नाही, ज्याचा कांदा अजून विकला गेलेला नाही, त्यानं मार्चमध्ये दीड लाख रोख आणायचे कुठून?

ते मिळतात. अशाच एका ओट्यावर एक गृहस्थ कापडी पिशवीतून बंडलं काढून देत होते आणि सचिव ती मोजून घेत होते. खाली एक मोटारसायकल चालूच होती, तिच्यावरचा तरुण खाली उतरला नव्हता. पावती हातात पडल्यावर गृहस्थ खाली आले, खिशातून बँकेचं पासबुक आणि सही करून ठेवलेली पैसे काढायची स्लिप काढली आणि त्या तरुणाच्या हातावर ठेवली. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. आठ दिवसांनी नवं कर्ज खात्यावर पडलं की तरुण आपले पैसे काढून घेणार. पैसे आठ दिवसांचे, व्याज मात्र पुऱ्या महिन्याचं, शेकडा तीन.

दीड लाखाला शेकडा तीन म्हणजे साडेचार हजार. शून्य टक्क्याचं कर्ज त्या गृहस्थांना साडेचार हजारांना पडलं. पण तारीख चुकली असती तर सात टक्क्यांच्या हिशेबानं साडेदहा हजार व्याज लागलं असतं, थकबाकीदार म्हणून नाव लागलं असतं आणि नवं कर्ज अडलं असतं. तेव्हा त्यांना अडाणी म्हणणाऱ्यानं आधी हा हिशेब मांडून पाहावा. घोटाळा होतो तो एखाद्या वर्षी बँक मंजुरीची रक्कम कमी करते तेव्हा, किंवा घरात कुणी दवाखान्यात पडतं तेव्हा. मग आठ दिवसांचे पैसे आठ महिन्यांचे होतात आणि पासबुकाच्या जागी तरुण कोरा चेक मागतो.

या ओट्यापासून हाकेच्या अंतरावर १२ मे १८७५ रोजी, एका बुधवारी, जे झालं ते शाळेच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' या नावानं चार ओळींत येतं. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. मोठी बाजारपेठ, सावकारांची घरं आणि दुकानं तिथंच. आसपासच्या गावचे कुणबी बाजाराच्या निमित्तानं जमले आणि त्यांनी दुकानांना वेढा घातला. दाण्याची दुकानं लुटली, काही घरं पेटली. पण त्यांना पैशापेक्षा कागद हवा होता. खतं, रोखे, वह्या, हुकूमनामे बाहेर काढून चौकात जाळले. जिथं सावकारानं मुकाट्यानं कागद दिले तिथं बहुतेक ठिकाणी पुढे काही झालं नाही. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोचलं, तरी माणसांना झालेली इजा मात्र आश्चर्य वाटावं इतकी कमी होती.

याची मुळं शोधायला इंदापुरात जावं लागतं. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी रयतवारी पाहणीची जी पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात रूढ केली, तिचा पहिला प्रयोग १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात झाला. सारा तीस वर्षांसाठी ठरला. त्याची मुदत संपली ती नेमकी चुकीच्या वेळी. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते, सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली होती. १८६५ ला ते युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि १८६७ मध्ये इंदापूरचा सारा फेरपाहणीत सुमारे दीडपट झाला. सारा रोखीत भरायचा आणि रोख फक्त सावकाराकडे, म्हणजे सरकारच कुणब्याला सावकाराच्या दारात हाकलत होतं.

मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची गोष्ट. जुनी, विसरलेली येणी उकरून काढून कुणाला छळू नये म्हणून त्या कायद्यानं साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. उद्देश ऋणकोच्या बाजूचा होता. सावकारानं त्यावर सोपा उतारा काढला. तिसरं वर्ष संपायच्या आत तो कुळाला बोलावी, मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेई आणि त्या सगळ्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू करी. उदाहरणादाखल, वर्षाला शेकडा चोवीसनं घेतलेल्या शंभर रुपयांचा तीन वर्षांनी १७२ चा रोखा, सहा वर्षांनी २९५ चा, नवव्या वर्षी ५०८ चा आणि बाराव्या वर्षी ८७५ चा. मध्ये एक पैही नव्यानं घेतलेली नाही. सुप्याच्या चौकात जळाला तो हा कागद, १८७५ सालचं नवं-जुनं.

सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये 'डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट' केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्या काळाच्या मानानं तो धाडसी होता, काही बाबतींत आजच्याही. न्यायाधीशानं रोख्यावरचा आकडा खरा धरून चालू नये, व्यवहार पहिल्या रुपयापासून उलगडून पाहावा, असं त्यात होतं. कर्ज फेडता आलं नाही म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही ती जप्तीतून वगळली. सावकारानं पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, मागितलं तर पासबुक द्यावं. आणि पन्नास रुपयांच्या वर कर्ज असलेल्या शेतकऱ्याला जवळच्या दुय्यम न्यायाधीशाकडे जाऊन नादारी मागता यावी. पन्नास रुपये आणि जवळचं कोर्ट, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे लागतील.

या कायद्याचं कौतुक करून थांबणं मात्र प्रामाणिकपणाचं होणार नाही. जे झालं ते असं की गहाण घेण्यात अर्थ उरला नाही तेव्हा सावकार खरेदीखत करून घेऊ लागले. तोंडी सांगायचं, "पैसे आणून दे, जमीन परत देतो", आणि कागदावर मात्र विक्री. ते रोखायला पुढे कायद्यात दुरुस्ती करून विक्रीच्या कागदामागं गहाण आहे का हे तपासायची मुभा कोर्टाला द्यावी लागली. लहान शेतकऱ्याला उसनं मिळणं अवघड झालं. ऋणकोला दिलेलं प्रत्येक संरक्षण धनकोच्या हिशेबात धोका म्हणून जमा होतं आणि त्याची किंमत दुसरा ऋणको भरतो, हे त्या चार जिल्ह्यांनी दाखवलं. सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांना हे दिसत होतं. नुसता कायदा करून भागणार नाही, दुसरा पतपुरवठा उभा करा, म्हणून पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना पुढे आली, ती लंडनहून अडली. सहकारी पतपुरवठ्याचा कायदा यायला १९०४ साल उजाडावं लागलं. मघाचा सोसायटीचा ओटा हा असा सुप्याच्या दंग्याचाच नातू लागतो.

आज बारामती किंवा इंदापुरात कर्जबाजारी झालेल्या माणसाचा सावकार एक नसतो. घरात पीककर्ज असतं, पतसंस्थेचं असतं, बायकोच्या नावावर गटाचं असतं, मुलाच्या मोटारसायकलचा हप्ता असतो, त्याच्याच मोबाइलवर एखादं अ‍ॅप असतं, आणि या सगळ्यांचे हप्ते भरायला महिन्याला शेकडा पाचवाला खाजगी सावकार असतो. प्रत्येकाला वेगळा कायदा, तक्रारीला वेगळं दार. शेकडा पाचवाल्याबद्दल आधी बोलू, कारण त्याच्याविषयीचा कायदा सर्वांत कडक आणि सर्वांत कमी वापरला जाणारा आहे.

महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ चा. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून वर्षाला, महिन्याला नव्हे, तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. इतरांकडून १५ आणि १८. दामदुपटीचा आपला जुना नियम, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, या कायद्यातही आहे. पन्नास हजार शेकडा पाचनं घेतले तर महिन्याला अडीच हजार व्याज आणि विसाव्या महिन्यात दामदुप्पट. तिथून पुढचा प्रत्येक हप्ता कुठल्याच कायद्यात बसत नाही, तरी तो भरला जातो, कारण मुद्दल जसंच्या तसं उभं असतं. परवाना नसलेल्याच्या बाजूनं कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देत नाही. आणि सावकारीच्या ओघात खरेदीखत करून बळकावलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर, चौकशीअंती परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला आहे. म्हणजे खरेदीखताचा डाव आणि त्यावरचा उतारा, दोन्ही एकोणिसाव्या शतकातून जसेच्या तसे आलेत.

तरी अर्ज होत नाहीत. १८७५ चा सावकार बहुतेक ठिकाणी गुजराती किंवा मारवाडी, बाहेरून आलेला होता. त्याच्या दारात गाव एक होऊ शकलं आणि त्या एकीला परक्याच्या द्वेषाचीही धार होती, हेही नाकारण्यात अर्थ नाही. आजचा शेकडा पाचवाला भावकीतला असतो. त्याच्याविरुद्ध सहायक निबंधकाकडे अर्ज द्यायचा म्हणजे पुढच्या लग्नकार्यात समोरासमोर यायचं. आणि तो अडीअडचणीला रात्री अकरा वाजता पैसे देतो, तसे बँक देत नाही. हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. त्याचा धंदा उभा आहे तो या एका गुणावर.

त्याच्या कपाटातला कोरा चेक मात्र वेगळ्याच पातळीवरची गोष्ट आहे. कर्जासाठी तुरुंग १८७९ मध्ये या चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यासाठी बंद झाला होता. दिवाणी कायद्यात आजही कैदेची तरतूद आहे, पण १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं जॉली जॉर्ज व्हर्गीस यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की फेडण्याची ऐपतच नसलेल्याला नुसतं कर्ज थकलं म्हणून आत टाकता येणार नाही. ऐपत असून बुडवणारा वेगळा. चेकनं हे सगळं बाजूनं वळसा घालून पार केलं. चेक न वटणं हा परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या दुपटीपर्यंत दंड. व्यापारात चेकला किंमत राहावी म्हणून केलेली ही तरतूद. पण कोऱ्या चेकवर आकडा दुसऱ्यानं लिहायचा आणि आरोपी सही करणारा, ही गोष्ट आता खाजगी सावकारापासून फायनान्स कंपनीपर्यंत सगळ्यांनी आपलीशी केली आहे. दिलेला चेक आणि सही कशापोटी होती हे सिद्ध करायचं ओझं सही करणाऱ्यावर येतं. ऋणकोसाठी केलेला मुदतीचा कायदा त्याच्याच गळ्यात पडला होता. इथं व्यापाऱ्यासाठी केलेला कायदा त्याच्या गळ्यात पडलाय.

गटाच्या कर्जाचं चित्र निराळं आहे. रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२२ पासून सूक्ष्म कर्जांना जे नियम लावले ते वाचले तर वाटतं, लिहिणाऱ्यानं एखादी वसुली जवळून पाहिली असावी. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला विनातारण कर्ज. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही. वसुली ठरलेल्या जागी, आणि लागोपाठ दोनदा कर्जदार तिथं आली नाही तरच घरी जायचं. कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात वसुलीला कंपनीचा माणूस येतो तो गटातल्या बाकीच्या बायकांना घेऊन. त्या दारात बसतात, संध्याकाळच्या भाकरी थापायच्या वेळेला बसतात, आणि नियमात शेजारणींच्या बसण्याबद्दल काही नाही. पण त्या बायकांचाही विचार करायला हवा. एकीचा हप्ता राहिला तर पुढच्या कर्जाला बाकीच्या अडकतात. त्या वाईट नाहीत, त्या जामीनदार झाल्यात.

अ‍ॅपवाल्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नियम आहेत: पैसे परस्पर कर्जदाराच्या खात्यातच यायला हवेत, फोनमधले नंबर आणि फोटो त्यांना उघडता येत नाहीत, वसुलीचे फोन सकाळी आठ ते संध्याकाळी सात. हे न पाळणारं अ‍ॅप बहुधा नोंदणी नसलेलं असतं, आणि त्याची जागा पोलीस ठाण्यात. नोंदणी असलेल्या कंपनीची तक्रार आधी कंपनीकडे, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. अर्ज मराठीत चालतो, फी नाही. 'सिबिल खराब झालं' म्हणून एजंटाला दोन हजार देण्याआधी प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो तो मागवावा. निम्म्या वेळा कर्ज फेडून निल दाखला घेतलेला असतो आणि अहवालात ते उघडंच दिसतं.

पतसंस्थेला मात्र हा लोकपाल लागू नाही. ती सहकार खात्याची. तिला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि तिचाच वसुली अधिकारी जप्तीला येतो. कर्जदाराला हे अन्यायाचं वाटतं. मला अनेक वर्षं वाटायचं. मग एका बुडालेल्या पतसंस्थेच्या ठेवीदारांच्या बैठकीला जाण्याचा योग आला. पुढच्या रांगेत निवृत्त शिक्षक होते, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेली एक बाई होती, आणि मागं भिंतीला टेकून उभा असलेला एक हमाल पावती घडी करून पुन्हा पुन्हा उलगडत होता. या पावतीला बँकेच्या ठेवीसारखं विम्याचं संरक्षण नसतं. थकबाकीदाराला दिलेली प्रत्येक सूट इथल्या कुणाच्या तरी घडी घातलेल्या कागदातून वजा होते. कर्जदाराचे हक्क या विषयावर लिहिणाऱ्यानं एकदा तरी अशा बैठकीत बसावं.

म्हणूनच कर्जमाफीबद्दल माझं मत दोन्ही बाजूंना आवडत नाही. २००८ ची केंद्राची, २०१७ ची आणि २०१९ ची राज्याची, या माफ्यांनी अनेकांचा सातबारा कोरा केला आणि त्यातले बरेच जण खरोखर बुडालेले होते. माफीनं आळशी माणसं तयार होतात, हे शहरी वाक्य मी ऐकून घेत नाही. मोठ्या उद्योगांची निर्लेखित कर्जं मोजायला बसलं की ते वाक्य आपोआप बंद होतं. पण माफी येते ती निवडणुकीच्या पंचांगानं, घरावर आलेल्या संकटाच्या वेळेनं नाही. तिला तारीख असते, आणि तारखेच्या अलीकडे थकलेला तरतो, पलीकडे थकलेला बुडतो. सोसायटीचं माफ होतं, शेकडा पाचवाल्याचं नाही. आणि मोटारसायकलवाल्याकडून पैसे घेऊन ज्यानं तारखेत नवं-जुनं केलं, तो सरकारच्या वहीत 'नियमित' ठरून पहिल्या यादीतून वगळला जातो. त्याच्यासाठी नंतर प्रोत्साहनाची रक्कम जाहीर करावी लागली, यातच सगळं आलं.

माफी सगळ्यांना एकदम आणि केव्हातरी मिळते. नादारी ही एका माणसाला, त्याच्या वेळी, त्याचा सगळा हिशेब तपासून मिळायची गोष्ट आहे, आणि ती जगभर असते. इंग्लंडात २००९ पासून कमी मालमत्ता आणि लहान कर्ज असलेल्यांसाठी कर्जमुक्तीचा साधा आदेश मिळतो. मान्यताप्राप्त सल्लागारामार्फत अर्ज, न्यायालयात जायची गरज नाही, आणि वर्षभर परिस्थिती सुधारली नाही तर कर्ज संपलं. अमेरिकेनं १९८६ मध्ये शेतकरी कुटुंबांसाठी दिवाळखोरी कायद्यात वेगळं प्रकरणच घातलं.

आपल्याकडे २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत 'नवी सुरुवात' नावाचं प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाला अर्ज करता येईल. अर्ज मान्य झाला की १८० दिवस कुणी वसुलीला यायचं नाही, आणि शेवटी बसणारी कर्जं माफ. कायदा होऊन इतकी वर्षं झाली, हे प्रकरण अजून लागूच केलेलं नाही. व्यक्तींसाठीच्या भागातला फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरता तुकडा १ डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला. म्हणजे कंपनीच्या मालकाला दार उघडलं, सुप्याच्या शेतकऱ्याला नाही. आणि लागू केलं तरी आकडे पाहा. गावात कुडाचं का होईना, घर प्रत्येकाला असतं, ते असलं की अर्ज बाद. ३५ हजार ही गटाच्या एका कर्जाचीसुद्धा रक्कम नाही. अर्ज पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, इंदापुरापासून सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे. १८७९ च्या इंग्रज सरकारला कळलेल्या दोन गोष्टी, छोटी रक्कम आणि जवळचं कोर्ट, आपण सोडून दिल्या.

तोवर चालतो तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. किमान पाचशे रुपयांचं कर्ज असलं की जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. हा पाचशेचा आकडा शंभर वर्षांत कुणी बदललेला नाही. अर्जासोबत सगळ्या धनकोंची नावं आणि रकमा द्यायच्या, मालमत्ता सांगायची, न्यायालय ती ताब्यात घेऊन वाटप करतं आणि पुढे मुक्तता देतं. शेतकऱ्याची औजारं, बैल, बियाणं, राहतं घर, घरातली भांडी ही दिवाणी संहितेनं जप्तीतून वगळलेली आहेत. कायदा जुना असला तरी मेलेला नाही. पण बारामतीच्या वकिलांना विचारलं तर नादारीचा अर्ज शेवटचा कधी केला हे आठवायला त्यांना चहा संपवावा लागतो.

नादारीविरुद्धचा खरा आक्षेप बँकांचा नाही, घरातलाच आहे. नादार ठरलेल्याचं कर्ज सुटतं, जामीनदाराचं सुटत नाही; १९२० च्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. आणि आपल्याकडे कर्ज एकट्याचं नसतंच. मेहुणा जामीन असतो, शाळेतला शिक्षक मित्र जामीन असतो आणि त्याच्या पगारातून कपात होते. नादारी घेतलेल्याला मेहुण्याच्या दारात उभं राहता येणार नाही. कित्येक जण फेडता येत नसूनही फेडत राहतात ते बँकेच्या धाकानं नाही, या लाजेनं, आणि ती लाज मला टाकाऊ वाटत नाही. पतपुरवठा बऱ्याच अंशी तिच्यावरच उभा आहे.

तरीही पारडं मला नादारीच्या बाजूनं झुकलेलं दिसतं, पण अटींसह. 'नवी सुरुवात' लागू करावी. कर्जाची मर्यादा निदान तीन लाख करावी, जी सूक्ष्म कर्जासाठी उत्पन्नाची मर्यादा म्हणून रिझर्व्ह बँकेला चालते. राहत्या घराची अट काढावी. अर्ज तालुका विधी सेवा समितीमार्फत व्हावा. या समितीकडे बायकांना आणि कमी उत्पन्नवाल्यांना आजही वकील फुकट मिळतो, पण बहुतेकांना ती माहीत आहे ती लोकअदालतीच्या नोटिशीपुरती. तीही नोटीस समन्स समजून लोक घाबरून पैसे भरतात. तिथं जाणं सक्तीचं नसतं आणि तडजोड संमतीशिवाय होत नाही, हे त्या कागदावर ठळक छापायला कुणाची हरकत असावी? १८० दिवसांची सवड जामीनदारालाही मिळावी. ठेवीदाराच्या बाजूनं: दहा वर्षांत एकदाच, आणि मालमत्ता लपवली तर संरक्षण रद्द. यानं पतपुरवठा थोडा आखडेल. १८७९ नंतर आखडला, तसा. तेव्हा सोसायटी नव्हती, आज आहे, एवढा फरक मी धरून चालतो. आणि चुकलो तर तो या भागातल्या सर्वांत गरीब ऋणकोच्या अंगावर येईल, हेही मला माहीत आहे.

या मार्गाचा एक फायदा मात्र माफीत कधीच मिळणार नाही. नादारीच्या अर्जात सगळ्या धनकोंची नावं लिहावी लागतात, तोंडी व्यवहारातल्यांचीसुद्धा. त्या यादीत मोटारसायकलवरच्या तरुणाचंही नाव येईल, आणि आपलं येणं सिद्ध करायला त्याला गाडी बंद करून, खाली उतरून, परवाना घेऊन आत यावं लागेल.